दोन हजार वर्षांचं जिवंत कालव

"लांबून बघा! डोळ्यांनी बघा, हात लावू नका!"

फिरता धर्मोपदेशक ब्रदर लेम्युएल याने काचेची बरणी डोक्यावर धरली आणि तंबूतली चारशे माणसं एकदम उभी राहिली. आमच्या कूट्स लँडिंगची वस्तीच मुळी सातशेची. म्हणजे तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेले आणि बोटी घेऊन आखातात गेलेले सोडले, तर अख्खं गाव तिथे लोटलं होतं. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या गाड्यांची रांग पार पोस्टापर्यंत गेली होती. आणि एवढं बघायला होतं काय त्या बरणीत? एक कालव! तळहाताएवढं, मळकट, वेडंवाकडं. आमच्या किनाऱ्यावर असली कालवं पायाला कापतात आणि वर शिव्या खातात.

"हे कालव जिवंत आहे की नाही?"

"आहे!"

"आणि याचं वय किती?"

"दोन हजार चाळीस!" चारशे गळे एका सुरात. पोरांना पाढे पाठ होत नाहीत, पण हा आकडा गावात सगळ्यांना पाठ होता.

"म्हणजे प्रभू गालीलच्या पाण्यावरून चालत होते, तेव्हा हे कालव कुठे होतं?"

"इथेच! आमच्या उकळीत!"

माझ्या शेजारी इमोजीन डोळे पुसत होती. माझ्या शेडमध्ये ती बावीस वर्षं तिसऱ्यांचे शिंपले निवडते. कालवं, तिसऱ्या तिने आयुष्यात लाखांनी हाताळल्या असतील. तरी म्हणते कशी, "नेल्डा, बघ ना गं, किती शांत बसलंय ते!"

"कालव आहे ते, इमोजीन. नाचणार आहे का?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

नाहीच आहे. नेल्डा फेअरक्लॉथ, वय सहासष्ट, जिभेला हाड नाही, हे गावात जगजाहीर आहे. ही गोष्ट मी सांगतेय ती मात्र त्या कालवासाठी नव्हे, माझ्या धाकट्या भावाच्या पायासाठी. होइट त्याचं नाव. तो पहिल्या रांगेत बसला होता, तोंडाचं बोळकं उघडं टाकून, आणि त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला तीन आठवड्यांपासून एक जखम होती. होइटला साखरेचा आजार. रोज इन्शुलिन टोचून घेणारा माणूस. पण ब्रदर लेम्युएल गावात आला, तंबू ठोकला, आणि माझ्या भावाने इन्शुलिन उचलून माशांच्या आमिषाच्या फ्रीजरमध्ये टाकलं, कोळंबीच्या खाली!

का? तर ऐका ब्रदरची वाणी.

"बंधूंनो, कालव डॉक्टरकडे जातं का?"

"नाही!"

"कालव गोळी खातं का? सुई टोचून घेतं का?"

"नाही! नाही!"

"मग ते पितं काय?"

"उकळीचं पाणी!"

"आणि जगलं किती?"

"दोन हजार चाळीस!"

मी पुटपुटले, "कालवाला पायही नसतात." कोणी ऐकलं नाही.

उकळी म्हणजे आमचा झरा. पाणी तापलेलं नसतं, नुसतं तळातून ढवळत वर येतं, म्हणून उकळी. खाडीच्या तोंडाशी, जुन्या धक्क्याला लागूनच आहे ती. पाणी बारमाही कोमट, काचेसारखं स्वच्छ, आणि पुढे दहा-वीस पावलांवर खाऱ्या पाण्यात मिसळतं. माझ्या लहानपणापासून आम्ही तिथे डुंबतोय. आता ब्रदरने भोवती दोरी बांधली होती. आत जायचं तर त्याच्या हातून बाप्तिस्म्याची बुडी घ्यायची, आणि जाताना नऊ डॉलरची बाटली न्यायची. स्वतः ब्रदर मात्र दिवसभर थर्मासमधला गोड गार चहा पीत असे. उकळीचं पाणी त्याच्या घशाखाली उतरताना मी एकदाही पाहिलं नाही.

"आणि ते विद्यापीठवाले!" ब्रदरचा आवाज चढला. "म्हणतात, समुद्र वर चढतोय! घरं उचला, रस्ते उचला! अरे, कालव कुठे बसतं? भरती-ओहोटीच्या रेषेवर. हे कालव दोन हजार वर्षं त्याच रेषेवर बसलंय. म्हणजे समुद्र बोटभर तरी हलला का?"

"नाही!"

खाजणाच्या कडेला वाळून उभे असलेले सीडर त्याला दिसले नसावेत. मिठाच्या पाण्याने मेलेली ती झाडं माझ्या वडिलांच्या वेळी हिरवीगार होती. पण झाडं बोलत नाहीत आणि ब्रदर थांबत नव्हता.

"कोणाला शंका आहे?" त्याने विचारलं.

चारशे मुंडकी माझ्याकडे वळली. शंका म्हटलं की या गावात दुसरं नाव निघतच नाही.

"कागद दाखव," मी म्हणाले.

त्याने दाखवला! चौकटीत बसवलेला कागद. त्यावर कार्बनची तपासणी करून वय सांगणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव, नमुन्याचा क्रमांक, सही, सगळं. मी म्हटलं, बेट्या, सापडलास. हा कागद घरच्या छपाईयंत्रावर काढलेला असणार.

"फोन लाव, नेल्डाबाई!" ब्रदर दोन्ही हात पसरून म्हणाला. "आत्ता, सगळ्यांसमोर लाव!"

मी लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, ही माझी हौस. पलीकडे एक मुलगी होती, बोलायला गोड. तिने क्रमांक विचारला, खटखट काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "हो, हा अहवाल आमचाच आहे. कालवाचा शिंपला. वय दोन हजार चाळीस वर्षं, तीसेक वर्षं इकडेतिकडे. पण बाई, एक आहे, नमुना कुठल्या पाण्यातला त्यावर—"

पुढचं कोणाला ऐकू येणार! तंबूचं छप्पर उडायचंच बाकी होतं. हालेलुया काय, टाळ्या काय, कोणी बाकावर चढलं, कोणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं. ब्रदरने अलगद माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि परत दिला. होइट लंगडत आला आणि त्याने मला मिठी मारली.

"ताई, आता तरी मान! आयुष्यात एकदा तरी हार मान!"

त्याच्या अंगाला ताप होता. मिठीतूनही मला कळला.

घरी येऊन मी त्याचा मोजा काढला. अंगठा काळानिळा, आणि वास असा की मी खिडकी उघडली. दवाखान्यातल्या ओपल नर्सला बोलावलं. तिने जखम धुतली, बांधली, आणि मला बाहेर ओट्यावर नेऊन हळूच सांगितलं, "नेल्डाबाई, इन्शुलिन सुरू झालं नाही तर आठवड्याभरात अंगठा जाणार. पंधरवड्यात पाय. त्यापुढचं मी बोलत नाही."

"त्याला सांग ना!"

"चारदा सांगितलं. तो मला म्हणतो, तुझ्या कोणत्या रोग्याचं वय दोन हजार चाळीस आहे ते दाखव."

मी आत गेले, ओरडले, रडले, शेवटी हातही जोडले. होइट शांतपणे मक्याच्या कण्या चमच्याने गिळत बसला होता. दात नव्हते ना. "ताई, तू स्वतः फोन लावलास," एवढंच म्हणाला. माझ्याच फोनने माझ्याच भावाचा विश्वास पक्का केला होता. त्या दिवशी स्वतःची जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती.

पण त्या मुलीचा तो 'पण' माझ्या कानातून जाईना. काय सांगणार होती ती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट खाजणात गेले. तिथे चिखलबाई होती. खरं नाव डॉक्टर थिओडोरा व्हिटलॉक, पण दर हिवाळ्यात येऊन गुडघाभर चिखलात लांबलचक नळ्या खुपसते आणि चिखलाचे खांब बाहेर काढते, म्हणून गावाने ठेवलेलं नाव चिखलबाई. तिला ते आवडतं. त्या खांबांमध्ये कुजलेल्या गवतमुळांचे काळे थर असतात. त्यांचं वय काढून ती सांगते की समुद्राचं पाणी कधी कुठपर्यंत होतं. अकरा वर्षं येतेय. माझ्या शेडमध्ये बूट धुते आणि मी घरी भाजलेली बिस्किटं खाते.

मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली. हसता हसता चिखलात बसली!

"थिओ, माझा भाऊ मरतोय."

तिचं हसू तिथेच थांबलं. "माफ कर. नेल्डा, तो कागद खरा आहे."

"म्हणजे?"

"आकडाही खरा आहे. उकळीतलं कुठलंही कालव पाठव, असाच काहीतरी आकडा येईल." मग तिने नळी बाजूला ठेवली आणि चिखलात काडीने रेघा मारून मला समजावलं. पाच मिनिटं लागली. माझ्यासारख्या आठवी पास बाईला कळलं, म्हणजे कोणालाही कळेल. ते पुढे सांगतेच. शेवटी तिने विचारलं, "काय नाव म्हणालीस त्याचं? लेम्युएल? उंच, डाव्या भुवईवर खूण?"

"तोच."

"अस्सं," चिखलबाई म्हणाली आणि तिने हातातली काडी मोडून टाकली.

मी धावत होइटकडे गेले आणि ऐकलं होतं तसं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "विद्यापीठवाली ना? ती तसंच म्हणणार." झालं! पाच मिनिटांच्या ज्ञानावर पाच शब्दांत पाणी.

"थिओ, ज्ञान नको," मी परत जाऊन म्हटलं. "त्याच्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं."

"मग मला उकळीतलं असं कालव आणून दे की ज्याचा जन्म कधीचा ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"कालवाचा जन्मदाखला कुठून आणू?"

"कालव एकदा चिकटलं की हलत नाही. एखादी वस्तू, जी उकळीत कधी पडली हे सगळ्यांना आठवतंय, तिच्यावर बसलेलं कालव चालेल. वस्तू पडायच्या आधी काही ते तिच्यावर बसलेलं असणार नाही."

आणि मला आठवलं! मी चिखलबाईच्या चिखलाने भरलेल्या गालाचा मुका घेतला.

गेल्या चार जुलैची गोष्ट. दरवर्षी त्या दिवशी जुन्या धक्क्यावर आमच्याकडे मेलेला बोय मासा लांब फेकायची शर्यत असते. होइट सलग तीन वर्षं विजेता. त्याने मासा शेपटीला धरला, तीन गिरक्या घेतल्या, जीव खाऊन आरोळी ठोकली, आणि मासा गेला किनाऱ्यावर आणि वरच्या दातांची कवळी गेली उकळीत, धक्क्याच्या तिसऱ्या खांबाशी! अख्खं गाव लोळलं होतं हसून. दहा-बारा पोरांनी तासभर बुड्या मारल्या, पण कवळी काही मिळाली नाही. कवळी जेमतेम वर्षाची होती, आणि आतल्या बाजूला दंतवैद्याने बारीक अक्षरांत होइटचं नाव कोरलेलं होतं.

आता सांगा, दोरीच्या आत जायचं कसं? एकच वाट होती. मी ब्रदर लेम्युएलकडे गेले, मान खाली घातली आणि म्हणाले, "ब्रदर, मी हरले. मला बुडी द्या."

त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. नेल्डा फेअरक्लॉथ शरण आली! त्याने दुपारी गाव गोळा केलं. मी पांढरा झगा घालून उकळीत उतरले, छातीभर पाण्यात, बरोबर धक्क्याच्या तिसऱ्या खांबाजवळ.

आता एक सांगते. आम्ही इथल्या बायका लहानपणापासून तिसऱ्या पायांनी शोधतो. चिखलात टाच रोवायची आणि बोटं फिरवत जायचं. दगड कोणता, तिसरी कोणती, खेकडा कोणता, ते माझी पायाची बोटं डोळ्यांच्या आधी सांगतात.

पहिली बुडी. बोटांना लागली बाटली.

"उठ, भगिनी! शुद्ध झालीस!"

"ब्रदर, मला नाही वाटत झाले. माझी पापं फार आहेत."

काठावर खसखस पिकली. दुसरी बुडी. एक बूट, तोही लहान मुलाचा.

"आता?"

"एकोणीसशे ऐंशी सालची राहिलीत अजून."

तिसऱ्या बुडीला खेकड्याने करंगळी धरली आणि मी अशी किंचाळत वर आले की काठावर इमोजीन ओरडली, "आत्मा उतरला गं तिच्यात!" चारशे माणसांनी गाणं धरलं. ब्रदरही गहिवरला बिचारा. मी डोळे मिटून थरथरत पायाची बोटं पुढे सरकवली, आणि लागलं! अर्धगोल, कडेला गुळगुळीत, मध्ये खरखरीत. दगड नाही, तिसरी नाही, खेकडा नाही.

"ब्रदर, एक शेवटची!" म्हणत मी आपणहून खाली गेले, हात घातला, वस्तू झग्यात कोंबली आणि दोन्ही हात छातीशी गच्च धरून बाहेर आले. लोकांना वाटलं, काय भक्ती! इमोजीनने मला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्यापेक्षा जास्त रडली.

शेडचं दार लावून आम्ही बघितलं. होइटची कवळी! दातांवर तीन कालवं ऐटीत बसलेली, मोठं अंगठ्याएवढं. कालवांच्या आड अर्धवट दिसणारं कोरलेलं नावही जागच्या जागी. चिखलबाईने फोटो काढले, ओपलला साक्षीला ठेवलं, एक कालव अलगद सोडवलं, आणि त्याच प्रयोगशाळेला घाईच्या तपासणीसाठी पाठवलं. मुद्दाम त्याच. कवळी सापडल्याचं मात्र गावात कोणाला कळू दिलं नाही.

पाच दिवस लागणार होते. ते पाच दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. ओपल रोज जखम बांधायची. पट्टी म्हणजे काही औषध नव्हे, असं तिने होइटला पटवलं होतं. काळेपणा मात्र सरकत होता. चौथ्या दिवशी होइट अंथरुणावरून मला म्हणाला, "ताई, तू बुडी घेतलीस तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

रविवारी निकाल हातात आला आणि मी होइटला चाकांच्या खुर्चीत घालून तंबूत नेलं.

आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला देवाचा अनुभव आला त्याने पुढे यायचं आणि सांगायचं. ब्रदरने विचारताच मी हात वर केला. नवी भक्तीण म्हणून मला थेट व्यासपीठावर चढवलं गेलं.

"ब्रदर, मलाही उकळीत एक कालव सापडलं. मी ते तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवलं होतं."

क्षणभर त्याच्या भुवईची खूण हलली. मग मी कागद पुढे केला. त्याने वाचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"एक हजार नऊशे पंच्याऐंशी वर्षं!" तो गरजला. "दुसरा चमत्कार! दुसरं पवित्र कालव!"

"हालेलुया!"

"ब्रदर, ही प्रयोगशाळा कधी खोटं बोलते का?"

"कधीच नाही!"

"म्हणजे कागदावर लिहिलंय तेवढंच या कालवाचं वय?"

"एक दिवस कमी नाही! सांग, भगिनी, सगळ्यांना सांग, कोणत्या पवित्र खडकावर बसलं होतं ते?"

मी हातातल्या रुमालाची गाठ सोडली आणि कवळी उंच धरली. दोन कालवं अजून दातांवर होतीच.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "अरे! माझे दात!"

काय सांगू तुम्हाला! आधी एक पोर फिस्सकन हसलं, मग इमोजीन, आणि मग हास्याची अशी लाट आली की तंबूचे खांब डुलले. म्हातारा शेरीफसुद्धा टोपीत तोंड घालून हसत होता.

"होइट," मी ओरडले, "हे दात उकळीत पडले कधी?"

"गेल्या चार जुलैला!"

"बघितलं कोणी?"

"आम्ही सगळ्यांनी!" गावच ओरडलं.

"मग एक तर माझा भाऊ रोमन राजांच्या काळात बोय मासा फेकत होता, नाहीतर—"

"चमत्कार!" ब्रदर मध्येच किंचाळला. मानलं पाहिजे त्याला, बुडत्याने काडी धरली. "उकळीने या दातांनाही आयुष्य दिलं! दातांना दोन हजार वर्षं दिली!"

दोन-चार माना डोलायला लागल्या. तेवढ्यात होइट खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभा राहिला. घामाने निथळत होता.

"ब्रदर, सहा महिने मी मक्याच्या कण्या गिळतोय," तो म्हणाला. "आयुष्य दातांना, आणि मला काय? ते राहू द्या. माझं कालव सहा महिन्यांचं आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी जाणतो. कागद म्हणतो दोन हजार. आता तुमच्या कालवाबद्दल कागद म्हणतो दोन हजार. मग तुमचं कालव किती महिन्यांचं?"

एवढं शहाणपण माझ्या भावाला सुचेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिथेच त्याला सगळं माफ केलं.

तेव्हा मागून चिखलबाई उठली, चिखलाच्या बुटांसकट. "आकडा का चुकतो ते मी सांगते," ती म्हणाली. "हवेतल्या कार्बनमध्ये एक प्रकार असा असतो की जो हळूहळू विरत जातो. झाडं तो हवेतून घेतात, आपण खाण्यातून घेतो. जीव मेला की नवा येणं बंद. मग किती उरलाय ते मोजायचं आणि मेल्याला किती वर्षं झाली ते काढायचं. पण उकळीचं पाणी येतं चुनखडीच्या पोटातून. चुनखडी लाखो वर्षांची, तिच्यातला विरणारा कार्बन केव्हाच संपलाय. पाणी तो शिळा कार्बन विरघळवून घेऊन येतं, आणि कालव त्याच पाण्यातून आपला शिंपला बांधतं."

चेहरे कोरेच होते. मग मी म्हटलं, "अगं इमोजीन, बिस्किट आज सकाळी भाजलं, पण पीठ आजीच्या डब्यातलं होतं. यंत्र सांगतं पिठाचं वय. बिस्किटाचं नाही!"

"हात्तिच्या!" इमोजीन म्हणाली. "एवढंच होय!"

"एवढंच," चिखलबाई म्हणाली. "म्हणूनच समुद्र कधी कुठे होता हे सांगताना मी उकळीच्या कालवांना हात लावत नाही. खाजणातल्या गवताची पानं आणि मुळं घेते. ते हवेवर वाढतं. आणि ते गवत सांगतं की समुद्र चढलाय, अजून चढतोय." मग ती ब्रदरकडे वळली. "काय रे लेम, दोन वर्षांपूर्वी इथून लांब, दुसऱ्या एका झऱ्यापाशी तू माझ्या बोटीवर नळ्या उचलायला होतास ना? तिथल्या जिवंत कालवाचं वय दोन हजार आलं तेव्हा आपण दोघं किती हसलो होतो! कारण तुला सांगितलं होतं. तेवढंच विसरलास?"

ब्रदर लेम्युएलने बरणी खाली ठेवली, थर्मास उचलला, आणि तंबूच्या मागच्या कापडाखालून गेला. गुडघ्यांवर रांगत गेला, मी पाहिलं. थर्मास नेला, पण दोन हजार वर्षांचं कालव तिथेच राहिलं. शेरीफने त्याला हमरस्त्यावर गाठलं. पुढचं न्यायाधीश बघेल.

तंबूत गोंधळ उडाला होता, पण होइटचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने सगळ्यांसमोर मोजा काढला. पुढच्या रांगेतले लोक नाकाला हात लावून मागे सरले आणि हसू आपोआप थांबलं.

"ओपल," तो म्हणाला, "गाडी आहे ना तुझी बाहेर?"

अंगठा गेला. पाय राहिला. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, अजून तीन-चार दिवस गेले असते तर मी तुमच्याशी पायाबद्दल बोललोच नसतो, भावाबद्दल बोललो असतो. पाच दिवस त्या कागदाची वाट बघत होते, त्यातला प्रत्येक दिवस मला अजून आठवतो.

कवळी आता माझ्या शेडमध्ये निवडायच्या टेबलावर टांगलेली आहे, कालवांसकट. होइटने नवी करून घेतली. रोज सकाळी तो शेडमध्ये येतो, माझ्यासमोर इन्शुलिन टोचून घेतो आणि मगच माझी बिस्किटं खातो. बाहेरगावचे लोक विचारतात, हे दात किती जुने? तो म्हणतो, "एक हजार नऊशे पंच्याऐंशी वर्षांचे. मी एकसष्टचा आहे, आणि मला बासष्टचं व्हायचंय."

आणि मी काय म्हणते ते ऐका. कागद खरा होता, सही खरी होती, आकडासुद्धा खरा होता. त्या खऱ्या आकड्याच्या आडोशाला बसून एक माणूस खोटं बोलत होता, आणि आम्ही चारशे जण टाळ्या वाजवत होतो. फोनवरची ती मुलगी 'पण' म्हणाली होती. आम्ही अर्धा मिनिट गप्प बसलो असतो तर माझ्या भावाच्या पायाला आज पाच बोटं असती. म्हणून उद्या तुमच्या गावात कोणी चमत्कार घेऊन आला, कागद घेऊन आला, तर खुशाल बघा, खुशाल ऐका. फक्त कोणी 'पण' म्हणालं, की टाळ्या थांबवा आणि त्या माणसाला वाक्य पुरं करू द्या.